दसऱ्यानंतरचा बिघाड

दशरथ ओव्हाळला कामावरून काढलं तेव्हा मी गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, उगाच मला कुणी सज्जन समजायला नको.

वाघोलीच्या आमच्या शेडमध्ये तो इलेक्ट्रिशियन, मी वेल्डर. येरवड्याहून सायकलवर यायचा. मशीन बंद पडलं की शेटजींचा पुतण्या शौनक, नवाकोरा इंजिनिअर, कॉम्प्युटर उघडून बसायचा. दशरथ मशीन उघडायचा.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा केली. दशरथ बौद्ध, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या रजेवर. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगची तार पुढे सरकेना. शौनक सगळ्यांदेखत म्हणाला, "यानंच मशीनचं कंट्रोल कार्ड जाळलं. पूजेला हात जोडत नाही, त्याचा हात मशीनला लागल्यावर दुसरं काय होणार?" दशरथनं अर्धा तास मागितला, बिघाड दाखवतो म्हणाला. दिला नाही. जुनं मशीन भंगारात, दशरथ रस्त्यावर. मशीन जाळणारा म्हणून त्याला कुठलाच कारखाना दारात उभं करीना. शेवटी घरातच रिपेअरीचं दुकान टाकलं.

दोन हजार तीनचा दसरा झाला आणि घ्या! नवं मशीनही तसंच ठप्प. चार वाजता परदेशी गिऱ्हाईक येणार, मशीन कंपनीचा दुरुस्तीवाला दोन दिवसांनी. शौनकची तंतरली. झक मारत त्यानं दशरथला फोन केला. दशरथ मीटर घेऊन आला.

"अहो, बसा ना," शौनक म्हणाला.

"उभाच बरा आहे. आपण हाकललंत तेव्हाही उभाच होतो."

वेल्डिंगची तार जिच्यातून बाहेर येते त्या हातातल्या टॉर्चच्या स्विचची पिन दशरथनं मशीनमधून उपसली आणि तिथली दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडली. तार सरसर निघाली. "मोटर ठीक, कार्डही ठीक." मग टॉर्चच्या वायरींना मीटर लावून शौनकला म्हणाला, "स्विच दाबा. दाबूनच ठेवा." मीटर गप्प. केबल मुठीजवळ वाकवली तसा वाजला, सोडली की पुन्हा गप्प.

"आत वायर तुटलीय. केबल आवळून गुंडाळली की तुटते. कुणी गुंडाळली?"

 पूजेत मशीन नीटस दिसावं म्हणून दरवर्षी मीच तिचं घट्ट वेटोळं करून वर झेंडूचा हार घालायचो.

"मी," म्हणालो. "अठ्ठ्याण्णवलाही मीच."

दशरथनं ब्रेकडाउन रजिस्टर मागितलं.

"केबिनमध्ये बोलू या," शौनक पुटपुटला.

"नाही. माझी अब्रू इथंच काढलीत. इथंच लिहा."

तीन वाजून गेले होते. शौनकनं लिहिलं: दोष केबलचा, तेव्हाही तोच असणार, दशरथ ओव्हाळ यांची चूक नव्हती.

"मोठ्यानं वाचा."

वाचलं. तोंड एवढंसं झालं होतं. खरं सांगतो, मला आसुरी आनंद झाला. तेवढ्यात दशरथनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "तूही सही कर." केली.

मग त्यानं केबलचा खराब तुकडा कापून वायर जोडली. मशीन चालू झालं. तो निघाला तसा मी फाटकापर्यंत मागे धावलो. "दशरथ, चहा तरी घेऊ."

"शौनकला माझं काम कळत नव्हतं, दिगंबर," तो म्हणाला. "तुला कळत होतं. तुझ्याबरोबर मी चहा पिणार नाही."