मुलीची साक्ष

पालकसभेत बोलायला मला फार आवडायचं. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. महिन्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गात सतरंजी अंथरून आम्ही आईबापांना बोलवायचो. बाप क्वचितच यायचे. बाया यायच्या, वावरातून परस्पर, चिखलाच्या पायांनी. मी त्यांना सांगायचो, लेकरावर हात उगारू नका, त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या आणि त्याच्याशी कधी खोटं बोलू नका. मग माझ्या मुलीला पुढे बोलवायचो. ती सातवीत होती. "ही माझी पोरगी. हिनं आजवर एकही खोटा शब्द तोंडातून काढला नाही," असं मी सांगायचो. ती लाजून ओढणीच्या टोकाशी चाळा करायची. मी सांगत होतो ते खरंच होतं.

वडिलांकडून आलेलं साडेपाच एकर वावर होतं. शाळेमुळे मी स्वतः राबत नव्हतो, ते सगळं एक माणूस बघायचा. चौथीपर्यंत तो माझ्याच बाकावर बसलेला. पुढे मी शिकलो, तो कामाला लागला, आणि कधीतरी मला नावाने हाक मारायचं सोडून गुरुजी म्हणू लागला. मीही त्याला थांबवलं नाही. त्याची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती. दोघी एका डब्यात जेवायच्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडं वरून धड दिसायची आणि फोडली की आत अळी. त्या साली तर कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. दर आठ दिवसांनी फवारणी. दुकानदाराने या वेळी दोन औषधं एकत्र करून मारायला सांगितली होती.

पोळा होऊन गेल्यानंतरचा रविवार होता. मी मुलीला सोबत घेऊन त्याचा डबा पोचवायला वावरात गेलो. तो ओळींमधून बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट औषधाने ओला झाला होता. झाडं त्याच्यापेक्षा उंच, त्यामुळे मारलेलं सगळं त्याच्याच तोंडावर परत येत होतं. नाकाला फक्त रुमाल.

"गुरुजी, डोये लय चुरचुरून राह्यले. बाकीचं उद्या मारतो."

मी आभाळाकडे पाहिलं. भरून आलं होतं. ड्रममध्ये कालवलेलं औषध उद्यापर्यंत वाया गेलं असतं.

"किती राहिले?"

"दोन पंप."

"दोनच ना? मारून टाक. मग घरी जाऊन आंघोळ कर."

तो तसाच उभा राहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, काकाचे डोये पाहा ना कसे लाल झाले."

"तू डबा ठेव अन् गप बस," मी म्हणालो.

त्याने कॅनमधलं पाणी डोळ्यांवर मारलं, पंप पाठीवर घेतला आणि आत गेला. दोन्ही पंप पुरे करूनच तो बाहेर आला. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. जीपमध्ये घालून यवतमाळला नेलं तेव्हा तो बायकोलाही ओळखत नव्हता. त्या वॉर्डात त्याच्यासारखे आणखी होते. तो वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला तेव्हा त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. समोर कोण उभं आहे ते कळत नव्हतं.

मग चौकशी सुरू झाली. एक साहेब गावोगाव फिरत होता. फवारणी कोणाच्या वावरात झाली, मालकाने मास्क आणि हातमोजे दिले होते का, हे तो लिहून घेत होता. मी सरकारी नोकर. मला दुसरं काही सुचत नव्हतं. दारव्ह्याला जाऊन मी एक मास्क आणि हातमोज्यांची जोडी आणली, मातीत घोळली, थोडी चुरगळली आणि गोठ्यातल्या खुंटीला लटकावून ठेवली.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी मुलीला खाटेवर बसवलं.

"साहेबानं विचारलं, काकाला मास्क दिला होता का, तं काय सांगशीन?"

"नव्हता दिला."

"दिला होता. त्यानं काढून ठेवला. म्हण."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा प्रश्न विचारला. वर्गात पाढे घोकून घेतो तसं मी तिच्याकडून ते घोकून घेतलं. चुकली की पहिल्यापासून. सहाव्या की सातव्या वेळी तिने न अडखळता सांगितलं, तेव्हा मी "शाबास" म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं. तो शब्द मला अजून ऐकू येतो.

बायको चुलीपाशी होती. ती म्हणाली, "काहो, त्या लेकराले कायले मधात ओढता?"

"लोकायचा लेकरावर विश्वास बसते," मी म्हणालो. "अन् ही खोटं बोलत नाही हे साऱ्या गावाले माहीत आहे."

साहेब आला. खुंटीवरचा मास्क पाहिला. मुलीला विचारलं. तिने सांगितलं, "दिला होता. काकानं काढून ठेवला." साहेबाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लिहून घेतलं. चहा पिऊन तो पुढच्या गावाला गेला. मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात तिघं येऊन उभी राहिली. डोळे गेलेला तो, त्याची बायको आणि त्यांची मुलगी. त्याचा हात मुलीच्या खांद्यावर होता. मागे आळीतली चार माणसं येऊन थांबली.

त्याची बायको म्हणाली, "गुरुजी, तुमची पोरगी काल आमच्या घरी आलती. रडून राह्यली होती. म्हने, बाबानं मास्क दिलाच नव्हता, मी साहेबाले खोटं सांगतलं. आता तुमीच सांगा खरं काय ते."

माझी मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. मी माणसांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पोरगी खोटं बोलते," मी म्हणालो.

मला वाटलं एवढ्याने भागणार नाही. मी तिचा दंड धरून तिला अंगणात ओढलं. "काहून खोटं बोलली त्यायच्या घरी? सांग!" आणि थोबाडीत मारली. त्याआधी मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. दुसऱ्यांदा मारली तेव्हा तिच्या कानातली रिंग मातीत पडली. "सांग साऱ्यायले!"

ती रडली नाही. माझ्याकडे बघत तिने सांगितलं, "हाव. मी खोटं बोलली."

आवाजाच्या दिशेने त्या माणसाने मान वळवली. तो म्हणाला, "मारू नका गुरुजी, लेकराले मारू नका. राहू द्या. आमचंच चुकलं." मग बायकोला म्हणाला, "चाल वो घरी." त्याला सगळं माहीत होतं. दोन पंप त्यानेच मारले होते, मास्क होता की नव्हता हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण माझ्या मुलीला आणखी मार बसू नये म्हणून तो निघून गेला. त्याची मुलगी वाटेतले दगड सांगत त्याला नेत होती.

त्याच्या मुलीची शाळा कायमची सुटली. दिवाळीत ती वेचणीला आली, माझ्याच वावरात, कमरेला कापूस टाकायचा ओटा बांधून. माझी मुलगी त्या वावरात पुन्हा गेली नाही. घरात मात्र ती सांगितलेलं सगळं करायची. अभ्यास, पाणी, झाडलोट. काही विचारलं की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि मला जे ऐकायचं असेल तेच उत्तर द्यायची. भाजी कशी झाली विचारलं तरी तेच. मला तिच्या आज्ञाधारकपणाची भीती वाटू लागली. पुढच्या जूनमध्ये मी तिला अमरावतीच्या वसतिगृहात टाकलं आणि गावात सांगितलं, शिक्षणासाठी. पालकसभेतलं माझं भाषण तसंच चालू राहिलं. फक्त पुढे बोलवायला कोणी नव्हतं.

ती शिकली. नागपूरला नोकरीला लागली, तिथेच तिने लग्न जमवलं. लोक मला म्हणायचे, "गुरुजी, पोरगी घडवावी तं तुमच्यासारखी." मी मान हलवायचो.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी तो माणूस वारला. माझ्या मुलीला कोणी कळवलं माहीत नाही, पण ती सकाळच्या गाडीने आली आणि स्टँडवरून सरळ त्यांच्याच घरी गेली. मी तिथे पोचलो तेव्हा ती मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. थोड्या वेळाने ती पाणी आणायला बाहेर आली. मी हळूच म्हणालो, "तेव्हा माझी चूक झाली, बाई."

तिने घागर खाली ठेवली.

"हे मले कायले सांगता?" ती म्हणाली. "त्यायले सांगाचं होतं. इतकी वर्षं चार घरं सोडून राहत होते ते."

मग घागर उचलून ती आत गेली. मी बाहेर, बाकीच्या माणसांत बसून राहिलो. दोन दिवस ती त्यांच्याचकडे राहिली. तिसऱ्या दिवशी तिची आई तिला जीपपर्यंत पोचवून आली आणि भिंतीला टेकून बसली.

"तिले पाचवा महिना आहे," ती म्हणाली. "तुमाले सांगू नको म्हने. पन मी सांगतो."

"ती बाळंतपणाला इथं येईन ना?"

"नाई येत."

मग बायकोच नागपूरला गेली. दोन महिने मी हाताने भाकरी थापली. नात झाली हे मला शेजाऱ्याच्या पोराने सांगितलं. फोन माझ्याकडेही होता, पण तो त्याच्या घरी आला होता.