हॉलवरची शोकसभा

उस्मानपुऱ्याच्या मागच्या बाजूला एक परमिट रूम आहे. पाटीवर नाव वेगळं असलं तरी जुनी माणसं तिला हॉलच म्हणतात. गिरणी चालू असताना कामगारांनी वर्गणी काढून, सुट्टीच्या दिवशी विटा वाहून तो बांधला. तिथं सभा व्हायच्या, लग्नं लागायची, कॅरम चालायचा. गिरणी बंद पडल्यावर हॉलकडे बघायलाही कोणी उरलं नाही. युनियनने तो एका हॉटेलवाल्याला चालवायला दिला, पण अट घातली की, कामगार वारला तर त्याची शोकसभा इथंच होईल आणि ती संपेपर्यंत विक्री बंद राहील. अट अजून पाळली जाते.

वडील गेले तेव्हा जलदानविधी घरी झाला. नंतर चाचा आले. ते गिरणीत वडिलांच्या शेजारच्या मागावर काम करायचे. ते शोकसभेचा दिवस ठरवून गेले आणि मी कामाला लागले. फोटो, हार, पाणी, बोलणाऱ्यांचा क्रम. तेवढ्यात आई म्हणाली की, ती येणार नाही.

कारण मी धरूनच चालले. हॉलची परमिट रूम झाल्यापासून आईने तिथं पाऊल टाकलं नव्हतं. मी मॅनेजरशी बोलून बाटल्यांच्या फडताळापुढे पडदा लावून घेतला, भिंतीवरच्या जाहिराती उतरवल्या आणि आईला सांगितलं की, आत दारूचं काही दिसणार नाही.

"दारूचं काय घेऊन बसलीस? तुझा बाप काय कमी प्यायचा का?" ती म्हणाली. "मी बसू कुठं ते सांग."

स्टेजवर, फोटोशेजारी तिची खुर्ची आहे, असं मी सांगितलं.

"स्टेजवर पाव्हणे बसतात. मी पाव्हणी नाय."

माझ्या जन्मापर्यंत आई त्याच गिरणीत वाइंडिंगला होती, म्हणजे रिळांवर सूत भरायच्या खात्यात. तिथं सगळ्या बायकाच असत. आणि हॉलवर प्रत्येक खात्याचा बाक ठरलेला. शोकसभेला आजही मागवाले खिडकीकडे बसतात, कताईवाले दाराकडे. दुसऱ्याच्या बाकावर कोणी टेकत नाही.

मी चाचांना फोन लावला. वाइंडिंगचा बाक कुठं गेला, असं विचारलं.

"वो तो जहाँ काउंटर है, वहीं था. काउंटर बसवताना उचलला. बायका येत नव्हत्या, तर किसी ने पूछा भी नहीं, बेटा."

आईला हे माहीत होतं. शेवटची ती कुणाच्या तरी शोकसभेला गेली तेव्हा बाकाच्या जागी काउंटर दिसला आणि ती दारातूनच परतली होती. दुसरा बाक काउंटरसमोर टाकू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बघू. पण सभेच्या दिवशी दुपारी साडी बदलून तयार होती.

हॉलमध्ये शिरल्यावर तिने स्टेजकडे पाहिलं, मी टाकलेल्या बाकाकडेही पाहिलं आणि सरळ काउंटरला वळसा घालून आत गेली.

"जरा सरका," ती मॅनेजरला म्हणाली आणि त्याच्या स्टुलावर बसली.

मॅनेजर माझ्याकडे बघू लागला. मी त्याला बाहेर बोलावून खुर्ची दिली.

चाचा माइकवर होते. पहिला मान मागवाल्यांचा, तसाच क्रम मी लिहून दिला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"पहले वाइंडिंग बोलेगा. भाभी, बोला."

आई बसूनच बोलली. "हॉल बांधला तवा कमिटी म्हणली, बायका दारात उभ्या राहून ऐकतील. आमचे हे कमिटीत होते. त्यांनीबी हात वर केला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस त्यांनीच बाक डोक्यावर घेऊन आणला अन् इथं ठेवला. वाइंडिंगकडून एवढंच."

खिडकीकडचे हसले. त्यानंतर बाकीची भाषणं झाली.

सभा संपल्यावर मॅनेजर पडदा काढायला आला. आई अजून स्टुलावरच होती. वाइंडिंगच्या बायकांपैकी कोण हयात आहे आणि कोण कुठं राहते, हे ती चाचांना विचारत होती. मी मॅनेजरला थांबायला सांगितलं.