बिनहाताचा सोफा

बाहत्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मला बघून गेलेल्या दोन स्थळांनी नकार कळवला, तेव्हा वडिलांनी दोष दिला आमच्या सतरंजीला. माझ्या तोंडाळपणाला नाही, हे त्यांचे उपकारच. "बैठकीत सोफा पायजे," म्हणाले आणि श्रीरामपूरजवळच्या आमच्या गावात थेट नगरहून टेम्पोत घालून घेऊनच आले.

काय ते ध्यान! हिरवं रेक्झिन, काटकुळे तिरपे पाय, पाठ जेमतेम कमरेएवढी आणि टेकायला हात तर नाहीतच. फॅशन म्हणे! बसलेला माणूस हळूहळू पुढं घसरायचा. वर धूळ बसेल म्हणून वडिलांनी त्याचं प्लास्टिकही कुणाला काढू दिलं नाही.

तिसरं स्थळ भर मे महिन्यात आलं. मुलगा, त्याचे वडील आणि दोन चुलते सोफ्यावर. मी रिवाजाप्रमाणे समोर पाटावर, मान खाली. त्यामुळं मला दिसत होते नुसते पाय. आठ पाय इंचाइंचानं माझ्याकडं सरकायचे आणि एकदम मागं जायचे. शेवटी मुलाच्या वडिलांनी सवयीनं वर मांडी घातली, तर धोतरासकट शेजारच्या चुलत्यावर कलंडले.

"कसा काय वाटला सोफा?" वडिलांनी कौतुकानं विचारलं.

"झकास!" तिघं घाम पुसत म्हणाले.

मुलगा मात्र उठला. "खरं सांगू का मामा, लई घसरतंय. मी आपला खालीच बसतो." आणि सतरंजीवर माझ्यासमोर मांडी ठोकून बसला.

मी फस्सकन हसले. पाटावरची मुलगी हसली म्हणजे कारभार आटोपलाच! आईनं डोळे वटारले. वडिलांचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र तिथल्या तिथं हाच नवरा हवा होता. आठ दिवस जीव टांगणीला लागला, मग होकार आला.

वडिलांनी रागानं तो सोफा मलाच आंदण दिला. सासरी त्याला कुणी शिवेना. वडील भेटायला आले की एकटेच त्यावर बसायचे, ताठ, टाचा जमिनीत रोवून. आम्ही सगळे खाली. मला त्यांच्या हट्टाचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

एकदा हे शेतातून आले. वडिलांना तसं एकटं बघून क्षणभर थांबले आणि सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"लई ऐसपैस हाय, मामा."

वडील केवढे खुलले! ह्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं. चहा होईपर्यंत दोघं गप्पा मारत बसले होते, चारी टाचा रोवून.