पाटावर मांडलेली डिस्क

"काका, डिस्क कोरी दावतीया," सुनील म्हणाला. त्याचा वेल्ह्यात फोटो स्टुडिओ आहे. माझं भोरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सुनीलच्या मागं शांताबाई उभ्या होत्या. त्यांचे मालक पावसाळ्यात वारले. पोरीच्या लग्नाचं शूटिंग त्या डिस्कवर होतं. मालकांचा आवाज आता तेवढ्यातच राहिला होता.

"केलंस काय?"

"खंडेनवमीला पुजेला घेतली. पाटावर मांडायची म्हणून वायर उपसली."

"मशीन चालू असताना?"

"व्हय. परत जोडली तर इचारलं, डिस्क तयार करू का. म्या हो दाबलं."

"म्हंजे पूजाबी तूच केलीस आन् तेरावंबी तूच घातलंस."

शांताबाई खाली बघू लागल्या. बायको गेल्यापासून माझ्या तोंडाला आवर घालणारं कोणी नाही.

"दिसंल का?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत न्हाई, बाई."

डिस्क म्हणजे एक मोठं रान समजा. त्याचे बांध घालून भाग पाडतात, ती पार्टिशनं. कुठला भाग कुठून कुठवर, हे डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. मशीन सुरू झाली की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आधी तिथली खूण बघतो. खूण पटली नाही तर पुढं वाचतच नाही. माल आत असला तरी त्याच्या लेखी रान पडीक. सुनीलनं हो दाबलं आणि ती खूण, बांधांची नोंद, दोन्ही पुसलं गेलं.

आधी तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल घेतली. मूळ डिस्क बाजूला ठेवली. नक्कल लिनक्स सिस्टिमच्या मशीनला जोडली. डिस्क दिसली, भाग एकही नाही. माझी अक्कल तिथं संपली. पुण्यातल्या ओळखीच्या इंजिनिअरला फोन लावला.

तो म्हणाला, "शेवटाला बघितलं का? बांधांची दुसरी प्रत डिस्कच्या टोकाला असते. पण खूण नसली तर कर्नल तिकडं जात नाही. त्याला सांगावं लागतं."

मशीन सुरू होताना कर्नलला जी ओळ देतात, तिच्यात त्यानं जीपीटी एवढं लिहायला लावलं; बांध घालायच्या ह्या पद्धतीचं ते नाव. म्हणजे खूण नसली तरी टोकाची प्रत बघ. मशीन परत चालू केली. भाग दिसले.

फाईल उघडली. मालक फेटा बांधून पंगतीत वाढप्यावर खेकसत होते, "अरं, व्याह्यांच्या पानात भात न्हाई, डोळं फुटलं का?"

"व्याही नगं नगं म्हणत हुते," शांताबाई म्हणाल्या. "ह्यांनी कुनाचं ऐकलंय कधी? परत लावा."

लावलं.

"तुमच्या मंडळींचं हाय का असलं काई?"

"फोटू हायेत. आवाज न्हाई."

त्यांनी न सांगता मी तोच तुकडा पुन्हा लावला.

नंतर दोन प्रती काढल्या. एक बाईंच्या पेनड्राईव्हवर, एक सुनीलला. मशीन काही विचारते तेव्हा वाचून उत्तर द्यावं. कळत नसेल तर नाही म्हणावं. नाही म्हटल्यानं डिस्क गेलेली मी अजून पाहिली नाही.