नंदाची रिकामी चौकट

नंदा गेल्याचा फोन तिच्या यजमानांनी केला. दुसरा फोन पंधरवड्यानं आला, इस्लापूरकडच्या वस्तीवरच्या कलावतीबाईंचा. "ताई, लोक बोलून राहिलेत... पुस्तकवाल्या बाईला मीच खाल्लं म्हून."

नंदा कंधारला चित्रकला शिकवायची, मी लातूरला विज्ञान. तिनं चेटकिणीवर चित्रांचं पुस्तक काढलं, तेव्हा मी उखडलेच होते. भानामती नसते, एवढं सांगून मोकळं व्हायचं सोडून ही बया पानोपानी प्रश्न विचारत होती. बोट दाखवणाऱ्याला कशाची भीती होती? त्या वर्षी आपल्याकडे काय कमी होतं? शेवटच्या पानावर तर नुसती रिकामी चौकट! "नंदे, लोक आधीच भितात, त्यात तू चित्रं दाखवणार?" तर म्हणे, "तुझ्या उत्तरांनी कुणाची भीती गेली का गं?"

मग तो दुष्काळी उन्हाळा आला. आम्ही दोघी अंधश्रद्धेवर बोलायला इस्लापूरकडच्या त्या वस्तीवर गेलो. रस्ताभर नव्या जिल्ह्याच्या मागणीचे बॅनर, आणि हातपंप कोरडे. कलावतीबाईंनी चेटूक करून पाऊस बांधला असं ठरवून बायका टँकरच्या रांगेत त्यांची घागर लागू देत नव्हत्या. मी पाण्यानं दिवा पेटवून दाखवला, त्यामागचं रसायन समजावलं. टाळ्या पडल्या. टँकर आला, आणि घागर पुन्हा बाजूला सरकवली गेली.

दुसऱ्या दिवशी नंदानं पुस्तक उघडलं. एकेक प्रश्न विचारत ती शेवटच्या पानाशी आली आणि पेन्सिल पुढे केली. "काढा, चेटकीण कशी दिसते ती." मला वाटलं, कुणी कलावतीबाईंचाच चेहरा काढला तर... पण त्यांच्याच जावेनं पेन्सिल घेतली आणि एक पालथी घागर काढली. "आमाला भ्या हिचं हाय," ती म्हणाली, "बाईचं न्हाई." पुढच्या टँकरला तिनं कलावतीबाईंची घागर आपल्या घागरीशेजारी लावली. परतताना एसटीत मी हार मानली, तर नंदा म्हणाली, "लई लवकर कळलं गं तुला!"

यंदा पुन्हा आभाळ कोरडं आहे. उद्या मी त्या वस्तीवर जाणार, एकटी. नंदाचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं हे मी सांगेनच, पण तेवढ्यानं भागणार नाही हे आता मलाही ठाऊक आहे. पुस्तकाची कोरी प्रत घेतली आहे, तिची पेन्सिल पर्समध्ये टाकली आहे. नंदे, या वेळी त्या चौकटीत कुणी कलावतीबाईंचा चेहरा काढला, तर मी काय विचारू गं?