पहिला शर्ट मोगरीखाली

नवाकोरा शर्ट गिऱ्हाइकाच्या देखत मोगरीने झोडपणारा दुकानदार मी रिसोडच्या बाजारात एकच पाहिला. ऑर्डर पंधरा टीशर्टांची असो वा पन्नासांची. छापून झालेला पहिला शर्ट दुकानामागच्या नळावर जाई, त्याला साबण लागे आणि धुण्याच्या दगडावर मोगरीचे तीन तडाखे बसत. छापलेले अक्षर शाबूत राहिले तरच पुढचे काम. यावरून लोक त्यांना मोगरीकाका म्हणत. वयाने ते माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तरी मीही तेच म्हणू लागलो.

मूळचे ते भाजीपाला पिकवणारे. गावालगत त्यांची वांग्या-मेथीची वाडी होती. गुडघे गेले तेव्हा ती भावाकडे सोपवून त्यांनी टीशर्ट छापण्याचे यंत्र घेतले. अकोल्याला राहणारी त्यांची मुलगी चित्रे तयार करून फोनवर पाठवी. बाकी सारे ते करीत. चित्र पारदर्शक फिल्मवर उलटे छापायचे, त्यावर पांढरी पावडर भुरभुरायची, ती तापवून वितळवायची, मग फिल्म शर्टावर ठेवून वरून गरम प्रेस दाबायचा. इतके झाल्यावर पुन्हा धुण्याचा खटाटोप कशाला, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, वांगंबी गिऱ्हाईक दाबून पाह्यते. शर्ट तं वर्सभर आंगावर राह्यते."

प्रेस उचलल्यावर फिल्म लगेच ओढायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. ती निवेपर्यंत ते तिच्यावर तळहात ठेवून बसत. वाढदिवसाचे शर्ट न्यायला आलेली मुले घाई करीत.

"काका, ओढा ना आता! पोट्टे वाट पाहून राह्यले."

"पाहू दे. गरम ओढली तं तुह्या नावाचं अर्धं अक्षर माह्या हातात येईन. मंग अर्ध्या नावानं केक कापजो."

मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरील मुलींच्या कबड्डी संघाचे शर्ट त्यांच्याकडे होते. त्या दिवशी विजेचा दाब कमी होता. प्रेस पुरेसा तापला नाही. पहिल्या शर्टावरचा सातचा आकडा मोगरीच्या दुसऱ्याच तडाख्याला सुटला. त्यांनी काम थांबवले. संघाच्या शिक्षिका चिडल्या. "उद्या सामना आहे आणि तुम्ही शर्ट धूत बसलात?"

"बाई, पोरगी पकडीतून सुटली अन् तिचा आकडा दुसरीच्या हातात राह्यला तं?"

सकाळी वीज नीट आल्यावर त्यांनी सर्व शर्ट पुरे केले आणि गठ्ठा घेऊन जीपने स्वतः मैदानावर गेले. मुली सामना हरल्या. आकडे जागेवर होते, एवढेच त्यांनी परत येऊन मला सांगितले.

पुढे गावात मोठे यंत्र घेऊन दुसरे दुकान आले. तिथे शर्ट तासाभरात मिळे. गिऱ्हाईक तिकडे वळले. मोगरीकाकांची सारी भिस्त गणेशोत्सवावर उरली. एका मंडळाला दोनशे शर्ट हवे होते. ते काम मिळाले तर दुकान राहील, नाही तर यंत्र विकावे लागेल, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते.

मंडळाचा अध्यक्ष दोन-चार मित्रांसह आला. त्याला शर्टावर छातीभर गणपती हवा होता. काकांनी फोनवरचे चित्र पाहिले, नमस्कार केला आणि फोन परत दिला.

"हे नाही जमत, बाबू. मंडळाचं नाव टाकतो, मोदक टाकतो, उंदीर टाकतो. बाप्पा नाही."

"काहून? सगळीकडं छापून राह्यले!"

"पयला शर्ट मले झोडपा लागते. बाप्पाले मोगरी कशी मारू?"

"मंग आमचा नका धुऊ. आमी कुठं म्हनलं?"

"न धुता मी देत नाही."

"काका, तुमी दुकान चालवता का धोबीघाट?"

मुले हसली. काकाही हसले. मी तिथेच बसलो होतो. म्हणालो, "तो शर्ट मी धुतो. मला असल्या गोष्टींचे काही वाटत नाही."

"तुमाले नाही वाटत, गुरुजी. बाप्पाले तं वाटन न."

मुले उठून गेली. मी काकांना मूर्ख म्हटले. ज्याला एका शर्टापुरती मोगरी बाजूला ठेवता येत नाही, त्याने धंदा करू नये, असेही सुनावले. ते खाली पडलेले फिल्मचे तुकडे वेचत राहिले.

मंडळाने शर्ट दुसऱ्या दुकानातून करून घेतले. मिरवणुकीत गुलाल झाला, पाणी झाले, घाम झाला; त्या शर्टांवरील रंग कुठेही उडाला नाही. हे नमूद करणे मला प्राप्त आहे.

दिवाळीआधी यंत्र विकले गेले. मोगरीकाका अकोल्याला मुलीकडे राहायला निघाले. त्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. बोललेला शब्द मागे घ्यायचा होता. त्यासाठीचे वाक्य घरून ठरवून नेले होते. परंतु आधी तेच बोलले.

"गुरुजी, त्या दिवशी तुमी बोलले ते बरोबर होतं. पन माह्यानं नसतं झालं."

ठरवलेले वाक्य मला आठवेना.

"बरोबर नव्हते," मी म्हणालो. मग त्यांची पिशवी उचलली. "राहू द्या, गुरुजी," असे ते दोनदा म्हणाले. मी ती सोडली नाही. गाडीत चढून त्यांच्या सीटपर्यंत मीच नेली.