इंग्रजी पोवाड्याची झील

आमच्या नरडाण्याकडच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. जळगावला मी इंटर झालो आणि पुढच्या वर्षाचं ठरेपर्यंत फैजपूरच्या एका हायस्कुलात रजेच्या जागेवर इंग्रजी शिकवायला लागलो. तिथले इंग्रजीचे सर शिक्षकीची बी.टी. करायला गेले होते.

निघताना वडिलांनी विचारलं, "काय शिकाडशी तू त्यासले?"

"धडे, व्याकरण, कविता."

"इंग्रजीमा गाना बी ऱ्हातस?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मलाही नीटसं ठाऊक होतं असं नाही. कॉलेजात कविता प्रोफेसर वाचत आणि आम्ही खाली मान घालून अर्थ उतरवून घेत असू. ती आपल्या तोंडाने म्हणायची असते, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

दहावीच्या पुस्तकात अगदी शेवटी एक जुनं बॅलड, म्हणजे कथागीत, होतं. इंग्लंडातल्या मध्ययुगातलं, कुणी रचलं ते माहीत नाही. पूर आलेल्या नदीकाठी एक मुलगी उभी आहे. पलीकडे तिचं घर आहे, आणि नावाडी दर कडव्याला काहीतरी नवं मागतो. आधी अंगठी, मग शाल, मग पायांतले जोडे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ येते: "अँड स्टिल द वॉटर रोज." पाणी चढतंच होतं.

खोलीवर एकट्याने ते मोठ्याने वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हा तर पोवाडाच! दुसऱ्या दिवशी मी जवळजवळ पळतच वर्गावर गेलो.

वर्गातली बरीच मुलं तापीकाठच्या गावांतली, केळीवाल्यांच्या घरांतली. पुराचं त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, पानी चढून राह्यलं, अन् हा नावाडी भाव करून राह्यला?"

पुढे बसलेल्या मुलींपैकी एक मान न वळवता म्हणाली, "तुझ्या आबासारखा असंल. बुडत्याचीबी अंगठी काढून घेईन."

वर्ग खो खो हसला. ज्याचा आबा निघाला तोही हसला.

अर्थ असा चटकन कळला, पण म्हणणं काही जमेना. मुलं इंग्रजी ओळी पाढ्यांसारख्या म्हणत. सगळे शब्द एका वजनाचे, आणि शेवटचा लांबवलेला. कुठे जोर द्यायचा हे मी टेबलावर बोटांनी ठोकून दाखवायचो, मग मुलंही बाकं ठोकायची आणि कविता राहून जायची. माझे स्वतःचे उच्चार बरोबर आहेत की नाहीत, याचीही मला धाकधूक असे. तरी रोज तास संपायच्या आधी आम्ही ते बॅलड एकदा म्हणतच असू.

आवाज हेडमास्तरांपर्यंत गेला. त्यांनी बोलावून घेतलं.

"परीक्षेला ही कविता नाही. मग तोंडपाठ कशासाठी?"

"सर, संमेलनात म्हणता येईल," मी चाचरत म्हणालो. आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"संमेलनात इंग्रजी एक जण म्हणतो. स्पष्ट. हा गलका चालणार नाही. शनिवारी मी वर्गात येऊन ऐकतो. जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून त्या वेळात भाषांतर घ्या."

त्या दोन दिवसांत मला धड जेवण गेलं नाही. भाषांतर वाईट असतं असं नाही. पण त्या वर्गाला इंग्रजीची पहिल्यांदाच मजा वाटू लागली होती, आणि मलाही.

एकट्याने म्हणायला मी खणखणीत आवाजाचा मुलगा निवडला. त्याचे वडील जत्रेत डफावर पोवाडे म्हणत. "तू पुढे उभा राहून म्हण," एवढंच मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो सर, घरी बसवून आणतो."

शनिवारी सकाळी हेडमास्तर येऊन माझ्या खुर्चीत बसले. वर्ग उभा राहिला तो उभाच राहिला. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. मुलगा पुढे आला, छाती काढून उभा राहिला आणि पहिलं कडवं त्याने असं सोडलं की मी थक्क झालो. शेवटची ओळ आली आणि तो गप्प झाला.

मी ओठ हलवून ओळ सुचवली. त्याने बघितलं, पण काही म्हणेना.

"विसरला," हेडमास्तर म्हणाले.

"नाही सर," मुलगा शांतपणे म्हणाला. "माझं झालं. पुढचं यांचं आहे." आणि त्याने मागे हात केला.

मग माझ्या लक्षात आलं. पोवाड्यात पुढचा गडी झील, म्हणजे कडव्याच्या शेवटची ओळ, कधीच म्हणत नाही, ती मागच्यांनी धरायची असते. त्याच्या घरची रीतच ती. मी काही बोलणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी धरली आणि सगळा वर्ग तुटून पडला: "अँड स्टिल द वॉटर रोज!"

खिडकीतली कबुतरं उडाली. मुलगा थांबला नाही. दुसरं कडवं, झील. तिसरं कडवं, झील. आणि ऐकता ऐकता मला कळलं, जोर आपोआप योग्य जागी पडतोय! सगळ्यांना ओळ एकदम उचलायची म्हणून 'स्टिल'वर, 'वॉटर'वर, 'रोज'वर सगळे एकत्र येत होते. टेबल ठोकून मला जे देता आलं नव्हतं, ते हेच. माझेही ओठ हलत होते. कवितेतली ती मुलगी पलीकडे पोचली तेव्हा कुणीतरी मागून चक्क "जी जी" केलं.

दारात शेजारच्या वर्गाचे मास्तर येऊन उभे होते. मी हेडमास्तरांकडे बघायचं टाळत होतो.

"हे असं नाही चालायचं," ते म्हणाले.

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"एवढे झीलकरी उभे राहतात का कुठे? मागे सतरंजी घालून बसवा त्यांना. स्टेजवर जागा होईल." ते खुर्चीत जरा मागे रेलले. "बसा रे सगळे. आणि पहिल्यापासून घ्या. मघाशी सुरुवातीला काही जण झोपले होते."

धडाधड बाकं वाजली. मुलाने घसा खाकरला.